कडीतलं बोट

माधवरावांनी चौतीस वर्षं सांडांच्या नोकरीत काढली आणि या चौतीस वर्षांत एकाही सांडाला हात लावला नाही. पहिली गोष्ट साऱ्या सोसायटीला ठाऊक होती. दुसरी फक्त माधवरावांना.

खातं सरकारी होतं. शहराबाहेरच्या एका केंद्रात जातिवंत सांड पाळत आणि माधवराव तिथले हेडक्लार्क. सांड पलीकडच्या गोठ्यात, माधवराव अलीकडच्या इमारतीत, मध्ये तारेचं कुंपण आणि कुंपणाला कुलूप. सांड आला की त्याचा एक फॉर्म भरायचा, आजारी पडला की दुसरा, मेला की तिसरा. सांडानं माणसाला काही केलं की मात्र फॉर्म पुरत नसे. मग अपघात अहवाल लिहावा लागे, चार प्रतींत, टाइप करून. असे एक्केचाळीस अहवाल माधवरावांच्या बोटांखालून गेले होते. कुणाची बरगडी, कुणाची मांडी, आणि एकाच्या बाबतीत तर 'उर्वरित तपशील सोबतच्या कागदावर' असं लिहून वेगळा कागद जोडावा लागला होता. त्यामुळे संध्याकाळी बसथांब्यावर जाताना ते गोठ्याकडची जवळची वाट सोडून दहा मिनिटांचा वळसा घेत. प्रकृतीला चालणं चांगलं, असं ते सांगत.

खोटं बोलायला सुरुवात झाली ती लग्नाच्या पहिल्या आठवड्यात, आणि तीही अगदी निष्पापपणे. नव्या नवरीनं, म्हणजे अहल्याबाईंनी, विचारलं होतं,

"तुम्हाला भीती नाही वाटत त्या सांडांची?"

पंचविशीतल्या नवऱ्यानं या प्रश्नाला खरं उत्तर दिल्याचं उदाहरण निदान बडोद्यात तरी नाही. माधवरावांनी उजव्या हाताची तर्जनी आकड्यासारखी वाकवली आणि म्हणाले, "त्याच्या नाकात पितळेची कडी असते. त्या कडीत हे बोट असं घातलं, की सांडाची नुसती गाय होते."

हे वाक्य त्यांनी गोठ्यातल्या एका गड्याच्या तोंडून चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. तो गडी पुढं अहवाल क्रमांक नऊमध्ये आला.

अहल्याबाईंच्या नाकात त्या वेळी लग्नातली नथ होती. तिला हात लावून त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासारखंच की." माधवराव मनापासून हसले. आपण विनोद केल्याचं अहल्याबाईंच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढं ती गोष्ट वाढली. मुंजी-बारशांतून फिरली, दिवाळीच्या फराळाला बसली, व्याह्यांनी ती ऐकली, व्याह्यांच्या शेजाऱ्यांनी ऐकली. निवृत्तीनंतर माधवराव बाजव्याच्या रस्त्याला नव्या झालेल्या रो-हाउसांच्या सोसायटीत राहायला आले, तेव्हा सामानाच्या टेम्पोआधी ती गोष्ट तिथं येऊन पोचली होती. सोसायटी म्हणजे एक बंद गल्ली. दोन्ही बाजूंना सहा-सहा घरं, एकीकडे विषम नंबर, दुसरीकडे सम, शेवटी भिंत. सात नंबर माधवरावांचं. मराठी चार घरं, बाकी गुजराती, पण "माधवकाका आखलाने नाकथी पकडे छे", म्हणजे सांडाला नाकानं धरतात, हे सगळ्या घरांत सारख्याच अभिमानानं सांगितलं जाई. आपल्या गल्लीत कुणीतरी न घाबरणारा माणूस राहतो, याचा मोठा आधार असतो. माधवरावांनाही तो वाटे.

शहाण्णव सालच्या चैत्रातल्या एका शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास बारा नंबरमध्ये कौशल्याबाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बारा नंबर म्हणजे गल्लीच्या टोकाचं, भिंतीला टेकलेलं घर. अहल्याबाई नथ घालून गेल्या होत्या. नाकाचं छिद्र आता बरंच बुजत आलेलं, त्यामुळे नथ चढवायला अर्धा तास लागे आणि त्या अर्ध्या तासात त्यांच्याशी बोलायची कुणाची छाती नसे. माधवराव वरच्या गॅलरीत आरामखुर्चीत पडून वर्तमानपत्र वाचत होते.

गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो पंक्चर होऊन थांबला.

त्या दिवसांत देशात बाहेरून काय काय येऊ लागलं होतं. शीतपेयं आली, मोटारी आल्या, आणि कुणा एका कारखानदाराच्या मनात आलं की आपण परदेशी रक्ताचा एक सांड घ्यावा. तो सांड त्या टेम्पोत होता. काळापांढरा, पाठ माणसाच्या खांद्याला लागेल एवढी उंच, आणि मान अशी, की डोकं कुठं संपलं आणि धड कुठं सुरू झालं ते विचारावं लागे. जॅक लागेना म्हणून ड्रायव्हरनं त्याला खाली उतरवायला लावलं आणि तो पंक्चरवाल्याच्या शोधात गेला. सांडाबरोबरच्या माणसानं दोर टेम्पोच्या कठड्याला बांधला आणि तो मालकाला कळवायला कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेला. बूथमध्ये रांग होती. सांडानं थोडा वेळ वाट पाहिली. मग मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे, आणि दोर कठड्यापाशी राहिला. अहवालाच्या भाषेत, सदर सांड मोकळा सुटला.

माधवरावांनी वर्तमानपत्र खाली केलं तेव्हा तो त्यांच्या गॅलरीखालून चालला होता. सावकाश, घर शोधायला आलेल्या पाहुण्यासारखा.

समोरच्या आठ नंबरच्या गच्चीतून धनाजीराव ओरडले, "माधवराव! आलं बघा तुमचं गिऱ्हाईक!"

"हळू बोला," माधवराव म्हणाले.

"बंबवाल्यांना फोन करत होतो हो! नंबर फिरवलासुद्धा अर्धा. मग म्हटलं, समोर आपला माणूस बसलाय आणि त्यांना कशाला त्रास!"

शेजारच्या गुजराती घरातून, जाळीच्या आडून, एक बाईचा आवाज आला, "माधवकाका छे ने, पछी शुं टेन्शन!" आणि जाळीच्या मागचं लाकडी दारही लागलं.

नेमक्या त्याच वेळी बारा नंबरचं फाटक उघडून अहल्याबाई बाहेर आल्या. पदरात ओटी होती, भिजवलेल्या हरभऱ्यांची, चांगली घसघशीत. त्यांच्या मागं फाटकात उभ्या असलेल्या कौशल्याबाईंना सांड दिसला. त्या किंचाळल्या, आणि त्यांनी फाटक ओढून आतून बोल्ट घातला. अहल्याबाई बाहेरच राहिल्या. घाबरलेल्या माणसाला हिशेब सुचत नाही, त्यामुळे कौशल्याबाईंना दोष द्यायचं कारण नाही. शिवाय त्यांनी खिडकीतून धीर दिलाच. "अहल्याताई, हलू नका हं! माधवरावांना दिसलंय!"

"मी कशाला हलतेय?" अहल्याबाई म्हणाल्या.

आणि खरंच त्या हलल्या नाहीत. डाव्या बाजूला अकरा नंबरच्या कंपाउंडची भिंत, मागं गल्लीची भिंत, उजवीकडे बंद फाटक. समोर सांड. त्याला हरभऱ्यांचा वास आला असावा, कारण तो सरळ त्यांच्याकडेच गेला आणि दोन हातांवर थांबला. त्याच्या नाकात बांगडीएवढी पितळी कडी होती. अहल्याबाईंच्या नाकात मोत्यांची नथ. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले.

माधवराव गॅलरीत उभे होते, म्हणजे कठड्याला धरून होते. त्यांनी आयुष्यात सांड एवढ्या जवळून पाहिला नव्हता, आणि हा तर अजून दोन घरं लांब होता.

"अगं, हरभरे टाक!" ते दबक्या आवाजात ओरडले. "खाली टाक ते हरभरे आणि सरक!"

"ओटी कुणी रस्त्यात टाकतं का?" अहल्याबाईंनी वर न बघता विचारलं. "भलतंच काय सांगता! खाली या ना तुम्ही. या आणि धरा त्याला."

या आणि धरा त्याला. भाजीवाल्याकडची पिशवी धरा म्हणावं तसं.

तेव्हा माधवरावांच्या ध्यानात आलं, की आपली बायको मुळीच घाबरलेली नाही. तिच्या चेहऱ्यावर कंटाळा होता. सांडाच्या शिंगांपासून दोन हातांवर उभं राहून ती नवऱ्याची वाट बघत होती, रिक्षाची बघतात तशी. नवरा येणार, कडीत बोट घालणार, सांडाची गाय होणार. गेली चौतीस वर्षं तिनं हे ऐकलं होतं आणि तिचा नवरा खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

त्यांनी विचार केला, खरं सांगून टाकावं. इथूनच, गॅलरीतून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. म्हणजे धनाजीराव फोन करतील. बंब यायला निदान अर्धा तास. पण अहल्याला खरं कळलं की ती घाबरेल, आणि माधवरावांना एक्केचाळीसच्या एक्केचाळीस अहवालांतलं एक वाक्य पाठ होतं, 'गडी घाबरला असता सांड बिथरला.' साहेब बदलले, टाइपरायटर बदलले, ते वाक्य बदललं नाही. घाबरून पळाला तो तेवीस नंबरचा. त्यालाच तो जादा कागद जोडला होता.

म्हणजे या क्षणी आपली बायको जिवंत आहे ती आपल्या थापेमुळे. थाप काढून घेतली की संपलं.

हे कळल्यावर त्यांना एकदम लघवीला लागली. ते जाऊन आले. जिन्याच्या तोंडाशी पुन्हा लागली. या वेळी ते गेले नाहीत, हा त्या दुपारचा त्यांचा पहिला पराक्रम.

जिना उतरताना त्यांनी अहवाल आठवायला सुरुवात केली. सांडाला कसं धरावं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कसं धरू नये याची मात्र खात्याकडे सविस्तर नोंद होती आणि ती त्यांनीच टाइप केली होती. समोरून जाणारा अहवाल तीनमध्ये होता. मागून जाणारा अठरामध्ये, आणि त्याचा दात अद्याप सापडलेला नव्हता. चपला वाजवत गेला तो एकतीस. एकजण ऐन वेळी शिंकला होता. एकानं छत्री उघडली होती. या सगळ्यांनी जे जे केलं ते वगळून जे उरेल ते करायचं. फारसं काही उरत नव्हतं.

त्यांनी चपला दारात काढल्या. चैत्रातला चारचा डांबरी रस्ता पायांना चटके देत होता. ते अकरा नंबरच्या भिंतीच्या कडेकडेनं, सांडाच्या खांद्याच्या रोखानं निघाले. छाती अशी धडधडत होती, की हा आवाज चपलांत धरायचा की नाही याचा त्यांना निर्णय करता येईना.

जवळ गेल्यावर पहिल्यांदा वास आला. मग ऊब. भट्टीच्या दारापाशी येते तशी. सांडाच्या कातडीखालून एक लाट मानेपासून कमरेपर्यंत गेली. एका माशीसाठी त्यानं तेवढं केलं. त्याचा एक डोळा फिरला आणि माधवरावांवर येऊन थांबला. त्या डोळ्यात राग नव्हता, ओळख नव्हती, काहीच नव्हतं. माधवरावांना वाटलं, राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसांशी बोलायची त्यांना खात्यात सवय होती.

"किती वेळ लावलात," अहल्याबाई पुटपुटल्या. "माझा पाय अवघडला."

सांडाची जीभ बाहेर आली होती. खरखरीत, राखाडी, हातभर. ती त्यांच्या पदराला लागून परत गेली आणि पदर ओला झाला.

"हलू नकोस," माधवराव म्हणाले.

"नाही हलत. धरा."

कडी दोन नाकपुड्यांच्या मधल्या मांसातून गेली होती. ते मांस गुलाबी होतं, ओलं होतं आणि श्वासागणिक हलत होतं. माधवरावांनी उजव्या हाताची तर्जनी वाकवली. चौतीस वर्षं फराळाच्या ताटांवर, लग्नाच्या पंगतींत वाकवलेली ती तर्जनी या वेळी काही केल्या वाकेना. शेवटी त्यांनी ती डाव्या हातानं वाकवली आणि कडीत घातली.

सांडानं डोकं वर घेतलं.

बोट वर गेलं, बोटामागं हात गेला, आणि माधवराव टाचांवरून उचलले गेले. घाबरलेला माणूस हातात असेल ते ओढतो. तेही ओढणार होते. खांद्यात जोर आलाच होता.

"ओढू नका हो," अहल्याबाई म्हणाल्या. "दुखतं ते."

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर काय तुम्हाला माहीत? नुसतं धरा. ओझं देऊ नका."

माधवरावांनी जोर सोडला. हात कडीबरोबर ठेवला, कडी जाईल तिथं. सांडानं एक मोठा फुत्कार टाकला, त्यांचा सदरा कोपरापर्यंत भिजला, आणि डोकं हळूहळू खाली आलं.

"आता तू नीघ," माधवराव ओठ न हलवता म्हणाले. "भिंतीच्या कडेनं. पाठ करू नकोस त्याच्याकडे."

अहल्याबाई पदर सावरत, आडव्या चालीनं, सांडाच्या कुशीला जवळजवळ घासत निघाल्या आणि सात नंबरच्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. सुटल्या.

गच्चीतून धनाजीराव म्हणाले, "वा! याला म्हणतात अनुभव!" कौशल्याबाईंच्या खिडकीतून बायकांचा सुस्कारा ऐकू आला. शेजारची जाळी उघडली, "जोयुं? में कह्युं'तुं ने!" असं कुणीतरी कुणालातरी म्हणालं, आणि बंद झाली. मग गल्ली आपापल्या कामाला लागली. धनाजीरावांची मॅच चालू होती, ते आत गेले. बारा नंबरमध्ये पन्ह्याचे पेले पुन्हा वाजू लागले. सांडाच्या माणसाला शोधायला कुणीच गेलं नाही. कशाला जाईल? सांड माधवरावांच्या हातात होता.

माधवराव एकटे उरले.

आता काय करायचं, हे त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना. धरल्यानंतर काय, याचा एकाही अहवालात उल्लेख नव्हता. ज्यांच्यावर अहवालात यायची पाळी आली त्यांची मजल इथवर गेलेलीच नव्हती.

सांडानं वळून एक पाऊल टाकलं. माधवरावांनी टाकलं. सांडानं आणखी चार टाकली, माधवरावांनीही चार, उघड्या तळव्यांनी, भराभर. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय शिस्तीत नेतोय बघा. दोघं नऊ नंबरसमोर आले आणि सांड थांबला म्हणून माधवराव थांबले. सोडून द्यावं? सोडलं की हा मोकळा, आणि आपण याच्या तोंडासमोर. धरून ठेवावं? बोट ओलं झालं होतं, घसरत होतं, आणि हळूहळू त्याची जाणीवही जाऊ लागली होती. ओरडावं? ओरडलेल्यांचे दोन अहवाल होते.

सात नंबरच्या फाटकात अहल्याबाई अजून उभ्या होत्या.

"अहल्या."

"काय? चहा टाकू का?"

"नको. आत जाऊ नकोस." त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "ऐक. मला हे सोडता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. मी कधी धरलेलंच नाही, अहल्या. ना हा, ना दुसरा कुठला. मी नुसतं लिहायचो."

अहल्याबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग सांडाकडे, मग मघाशी आपण जिथं उभ्या होतो त्या भिंतीकडे. आणि माधवरावांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ओठ थरथरले. नथ हलायला लागली. मोत्याला मोती लागून बारीक किणकिण झाली, इतकी बारीक, की एरवी कुणाला ऐकू आली नसती.

सांडाचा कान त्या बाजूला वळला.

कडी बोटावर घट्ट झाली. माधवरावांना वाटलं, झालं. बेचाळीस.

अहल्याबाईंनी हात वर नेला आणि आपली नथ चिमटीत धरली. किणकिण थांबली. काही क्षण त्या गल्लीत दोघं नवरा-बायको एकेक नाक धरून उभी होती, आणि श्वास फक्त सांड घेत होता.

"याचा माणूस कुठाय?" अहल्याबाईंनी विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"माहीत नाही. कोपऱ्यावर टेम्पो दिसतोय."

"आणते."

"पळू नको."

"नाही पळत."

त्या निघाल्या. एका हातात नथ, दुसऱ्या हातात ओटीचा पदर, आणि पाऊल एखाद्या मिरवणुकीतल्यासारखं मोजून मापून. माधवराव त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. त्या पाठीला पळायचं होतं, हे त्यांना साडीच्या घडीघडीतून कळत होतं. कोपऱ्यावर जाऊन ती पाठ वळली आणि दिसेनाशी झाली.

मग वेळ गेला. किती, ते सांगता येणार नाही. घड्याळ डाव्या मनगटावर होतं, पण मान वळवायची त्यांची तयारी नव्हती. धनाजीरावांच्या घरातून टीव्हीवरचा गलका आला, कुणीतरी बाद झालं असावं. माधवरावांच्या नाकात काहीतरी हुळहुळलं आणि त्यांना शिंक येते की काय असं झालं. त्यांनी श्वास कोंडला, डोळ्यांतून पाणी आलं, शिंक परत गेली. सांडानं आपलं ओलं नाक त्यांच्या पोटाला लावलं आणि तिथंच ठेवलं. माधवराव मनातल्या मनात मसुदा करू लागले. 'सदर निवृत्त कर्मचारी, वय एकोणसाठ, हे कोणत्याही अधिकाराविना...' हे वाक्य त्यांना आवडलं नाही. त्यांनी ते खोडलं. 'सदर कर्मचाऱ्यास पूर्वानुभव नसताना त्यांनी...' हेही खरं होतं, आणि याच्या चार प्रती निघणार होत्या. एक प्रत अहल्याला मिळेल का, याचा ते विचार करत होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जिभेचा चुक्-चुक् असा आवाज झाला.

एक वाळकुडा माणूस हातात लांब काठी घेऊन येत होता. त्याच्या दहा पावलं मागं अहल्याबाई. काठीच्या टोकाला लोखंडी आकडा होता. त्यानं तो लांबूनच कडीत अडकवला, काठी ताठ धरली आणि सांडाला आपल्यापासून चार हातांवर ठेवलं.

"काका, हवे छोडी दो."

"सुटत नथी," माधवराव म्हणाले.

बोट खरंच सुटत नव्हतं. ते वाकलं होतं तसंच राहिलं होतं. त्या माणसानं एका हातानं काठी सांभाळत दुसऱ्या हातानं ते सरळ केलं आणि कडीतून बाहेर काढलं, अंगठी उतरवावी तसं. मग त्यानं माधवरावांकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. अनवाणी पाय, भिजलेला सदरा.

"आने तो हुं पण हाथथी नथी पकडतो, काका," तो म्हणाला. "परमदिवसे ज एक जणने सुवडावी दीधो छे. हजी दवाखानामां छे."

याला तोही हातानं धरत नाही, परवाच यानं एकाला आडवं केलंय, हे अहल्याबाईंनीही ऐकलं.

सांड गेला तसे लोक बाहेर आले. धनाजीराव फाटकापर्यंत आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "काय माधवराव, तुमच्या वेळच्यांपेक्षा दांडगा होता की किरकोळ?"

माधवरावांनी अहल्याबाईंकडे पाहिलं. अहल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"भावजी," त्या धनाजीरावांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्ही आधी बंबाला फोन लावा. पुरा नंबर फिरवून. मग यांना हाक मारा."

"का हो वहिनी? असा माणूस हाताशी असताना?"

"आता झेपत नाही त्यांना," अहल्याबाई म्हणाल्या आणि नवऱ्याला मनगटाला धरून आत घेऊन गेल्या.

आत गेल्यावर त्यांनी ओटी देवापुढं ठेवली. नमस्कार केला. मग कॉटवर येऊन बसल्या.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"आणि मी तिथं उभी राहिले."

"हो."

"तोंडाशी त्याच्या. अवघडला म्हणून पाय बदलला मी एकदा!"

"पाहिलं मी."

"सांगायचं नाही मला?"

"सांगितलं असतं तर तू पळाली असतीस."

अहल्याबाईंनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "पळाले असते," त्या म्हणाल्या. आणि त्यांना कापरं भरलं. आधी गुडघे, मग हात, मग दात. माधवरावांनी चादर आणून त्यांच्या खांद्यावर टाकली, एप्रिल महिन्यात, आणि शेजारी बसले. बसल्यावर त्यांनाही भरलं. कॉटचा एक पाय आखूड होता, तो फरशीवर टकटक वाजू लागला. दोघांनाही तो थांबवता येईना.

"भीती वाटत होती तुम्हाला?" अहल्याबाईंनी विचारलं.

"फार."

"आत्ता?"

"आत्ताही."

"मलाही," त्या म्हणाल्या आणि चादरीचं एक टोक त्यांच्याकडे सरकवलं.

सहा वाजता दाराची बेल वाजली. दोघं एकदम उठून उभे राहिले. माधवराव दारापर्यंत गेले, बोल्टवर हात ठेवला, आणि वळून त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"कोण आहे?" अहल्याबाईंनी आतूनच विचारलं.

"दूध, बेन."

"एकटाच आलायस ना?"

दूधवाला गोंधळला असावा, कारण त्याला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला. तो उत्तर देईपर्यंत माधवरावांनी बोल्ट काढला नाही.